सायकलवाले सर

अण्णा, म्हणजे माझे वडील, वडवणी–बीड रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे तोवर आमचं बरं चाललं होतं. एका संध्याकाळी शेतातल्या गाडीवाटेनं एक तरुण पोरगं लाइट न लावता मोटारसायकल घेऊन सरळ डांबरीवर आलं आणि जीपवर आदळलं. पोरगं गेलं. चौकशी झाली, केस चालली, अण्णांची चूक नव्हती असंच निघालं. जीप सुटून घरी आली ती लिंबाखाली उभी राहिली. टायरांतली हवा गेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

अण्णा ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. जेवता का? हां. झोपता का? हां. त्यापलीकडं शब्द नाही. अख्खं गाव त्यांना ‘डायवर’ म्हणायचं. आता त्या नावानं कुणी हाक मारली की ते उठून आत जायचे. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला, कापूस वेचायला जायची आणि तिच्या हातावर घर चालायचं. मी अंबाजोगाईला होस्टेलवर राहून बीए करत होते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते. पण त्या वर्षी सुट्टी नको वाटायची, कारण सुट्टीत घरी जावं लागायचं.

मामानं अण्णांना कुठं कुठं नेलं. अंगारे झाले, धागे झाले. कपिलधारला नेलं, तेव्हा धबधब्याला पाणी नव्हतं, तर कुंडातलं पाणी तांब्यानं डोक्यावर ओतलं. कुणी म्हणालं, एकदा स्टेअरिंग धरलं की भीती मोडंल. म्हणून चौघांनी धरून जीपमध्ये बसवलं. अण्णा बसले. दिवस मावळेपर्यंत बसूनच राहिले.

शेवटी कुणीतरी सरांचं नाव सांगितलं. सर पुण्यात शिकून आलेले समुपदेशक. अंबाजोगाईत एका बोळात त्यांनी गाळा घेतला होता. आम्ही पत्ता शोधत गेलो तर वर पाटी ‘सायकल मार्ट – येथे पंक्चर काढून मिळेल’. मामा म्हणाला, “आपण चुकलाव.” आतून एक उंच, पाठीत वाकलेला माणूस बाहेर आला आणि म्हणाला, “नाही, बरोबर आलात. सायकल नसली तरी चालतं.”

ती पाटी आधीच्या भाडेकरूची होती. सरांनी ती मुद्दाम ठेवली. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडचा बाप्या माणूस हाडाच्या डॉक्टरकडं वाजतगाजत जाईल, पण मनाचं दुखतंय म्हणून कुणाची पायरी चढणार नाही. सायकलच्या दुकानात मात्र कुणीही जातो. तर लोक खरंच सायकली घेऊन यायला लागले. ज्यांना बोलायचं होतं ते निमित्ताला आणायचे, आणि ज्यांना काहीच बोलायचं नव्हतं ते पंक्चर काढायला आणायचे. कोण कुठला हे कळत नसल्यामुळं सरांनी हवा भरायचा पंप घेतला, पंक्चर काढायला शिकले. काढलेलं पंक्चर बोळाच्या तोंडापर्यंत टिकायचं. त्यांना स्वतःला सायकल चालवताच येत नव्हती.

एक मोठे पुढारी होते. हा किस्सा त्यांनी स्वतःच पुढं चारचौघांत हसत सांगितला, म्हणून लिहिते. बोळात स्कॉर्पिओ शिरेना, म्हणून तोंडाशी लावून कार्यकर्त्यांसकट चालत आले. दार लोटल्यावर म्हणाले, “पोरांना सांगितलंय, नातवाची सायकल बघायला चाललोय.”

“नातू कुठंय?”

“पुण्याला.”

“आणि सायकल?”

“घ्यायचीय अजून.”

सर म्हणाले, “मग निवांत बसा. भरपूर वेळ आहे आपल्याकडं.”

त्या पहिल्या दिवशी मामा आम्हाला घेऊन आत गेला आणि जो सुरू झाला तो थांबेचना. दाजींना झोप न्हाई, दाजींच्या डोळ्यासमोर सारखं त्येच येतंय, दाजींनी असं केलं, तसं केलं. दाजी बाजूला बसलेले. सर शेंगा फोडत ऐकत होते. मामा दम खायला थांबला तेव्हा सरांनी विचारलं, “तुम्हाला झोप लागते का?”

“मला? मला काय धाड भरलीय?”

“नाही, ह्यांचं सगळं तुम्हालाच ठाऊक आहे म्हणून विचारलं.” मग अण्णांकडं न बघता, खिडकीकडं बघत ते म्हणाले, “मंडळी बाहेर बसली तर चालेल का तुम्हाला? का असू देऊ?”

अण्णांनी दाराकडं मान हलवली. त्या अपघातानंतर त्यांना कुणी काही विचारून केलं असेल, तर ते हे पहिलं. मामा बाहेर येऊन धुसफुसला. “येवढं शिकलेला माणूस, अन् एक शब्द सांगंना. तुझी चूक न्हवती, येवढं तरी सांगावं का न्हाई?” नंतर त्यानं तोंडावर विचारलंसुद्धा. सर म्हणाले, “त्यांनी विचारलं नाही. मी कशाला सांगू?”

हा त्यांचा हट्ट. सल्ला द्यायचा नाही. लोक चिडायचे. एकजण तर म्हणाला, “सायेब, दाढी करता करता न्हावीबी चार गोष्टी सांगतोय फुकटात.” सर म्हणाले, “मग त्याच्याकडून घ्या. मी दाढीही करत नाही.”

बीए झाल्यावर मी त्यांच्याकडं कामाला लागले. फोन घ्यायचा, चहा सांगायचा, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे टरफलं झाडायची. आतल्या खोलीत खुर्च्या समोरासमोर नव्हत्या. दोन्ही खिडकीकडं तोंड करून, जीपच्या पुढच्या सीटसारख्या शेजारी-शेजारी. मध्ये स्टुलावर भुईमुगाच्या शेंगा, थंडीत तुरीच्या. “बाप्या माणसाच्या समोर तोंड आलं की तो एक तर भांडतो, नाहीतर खोटं बोलतो,” सर म्हणायचे. “नजर मोकळी पाहिजे आणि हाताला काम पाहिजे. मग तोंड आपसूक सुटतं.” टरफलांच्या ढिगावरून मला कळायचं कोण किती बसलं होतं.

मी नवी होते, पुस्तकं वाचून आलेली. कुणी आलं की मनातल्या मनात त्याला आजाराचं इंग्रजी नाव देऊन टाकायची. एक शिक्षक यायचे, ते म्हणायचे डोक्यात भुंगा शिरलाय. मी सरांना म्हणाले, ही तर अँक्झायटी. सर ओरडले नाहीत, पण पंप हातात घेऊन बसले. ते चिडले की पंप घ्यायचे. “त्यांच्याकडं भुंगा आहे ना? मग भुंगाच. तू दिलेलं नाव घेऊन ते घरी गेले, तर बायकोला काय सांगतील?” पुढं कितीतरी दिवस मी ऐकायची, दोघं आत भुंग्याबद्दल बोलायचे. आज कुठं बसला होता, कधी उडाला, घरात आणखी कुणाला ऐकू येतो का. एक दिवस ते शिक्षक बाहेर येऊन मला म्हणाले, “मॅडम, आज झोपलेला वाटला.”

आणि तो कूलर. खोलीत पत्र्याचा एक जुना कूलर होता, चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज. आत एखाद्याला रडू आलं की सर उठून कूलर लावायचे, म्हणजे बाहेर बसलेल्यांना काही ऐकू जाऊ नये. ऊन असो, थंडी असो. डिसेंबरात कूलर लागला की बाहेर बसलेला माणूस अंगाभोवती शाल ओढून माझ्याकडं बघायचा. मी वर्तमानपत्रात डोकं घालायची. रडून झालं की सर कूलर बंद करून बाहेर यायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, “व्हॉल्व्ह बदलावा लागला.”

अण्णा दर गुरुवारी वडवणीहून बसनं यायचे. आधी मामा आणायचा, मग एकटे यायला लागले. आत जायचे, शेंगा फोडायचे, बाहेर यायचे. सगळ्यात मोठा ढीग अण्णांच्या खुर्चीखाली असायचा आणि सगळ्यात कमी आवाज त्यांच्या वेळेला. असे किती गुरुवार गेले. कूलर एकदाही लागला नाही. मी एकदा न राहवून म्हणाले, “सर, तुम्हीच काहीतरी विचारा ना.”

“विचारतो की. दर वेळी विचारतो, काही राहिलंय असं वाटतं का.”

“मग?”

“मग ते शेंगा फोडतात.”

त्याच सुमाराची, थंडी सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा फेटा, हातात कापडी पिशवी. “सायकली नीट करणारं सायेब हितंच ना?” मी आत सोडलं. चहा सांगायच्या आतच बाहेर आले. जाताना पंपापाशी थांबून त्यांनी मला विचारलं, “कुठली गं बाई तू?” मी म्हणाले, वडवणीकडची. ते बघतच राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काठी टेकत निघून गेले. मला वाटलं, कुणी तरी भला माणूस. त्या दिवशी सरांच्या खोलीत टरफल नव्हतं. ते पंप हातात घेऊन बसले होते.

पुढं थंडीतल्या एका गुरुवारी आतून सरांनी हाक मारली, “अण्णा तुला आत बोलावतायत.” तिसरी खुर्ची नव्हती, मी दाराला टेकून उभी राहिले. अण्णा खिडकीकडं बघत बोलायला लागले. त्यांचा आवाज मी विसरले होते.

“लोक म्हणतेत, चूक न्हवती तुझी. आरं, मी कुठं म्हणलं चूक होती म्हणून? मला दुखवट्याला जायचं होतं. त्या पोराच्या घरी. त्येचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला म्हणलं, ‘दादाला सांगा, गाडीला काय झालं न्हाई.’ दादा म्हंजी त्येचा बाप. नवी गाडी व्हती त्येची. येवढं बोललं अन् गेलं. त्येचा निरोप हाय माझ्याकडं. मी म्हणलं, मला जाऊ द्या. तुझा मामा म्हणला, मारतेल. भावकी म्हणली, गेलास तर चूक कबूल केल्यासारखं हुतंय. माझ्या जागी मामाच जाऊन बसून आला. मला कुणी जाऊच दिलं न्हाई. मग बोलायचं तरी काय?”

सर उठले आणि कूलर लावला.

आमच्याकडं कुणाच्या घरी माणूस गेलं की दुखवट्याला जातात. बोलावं लागत नाही. नुसतं जाऊन बसायचं असतं, पण स्वतः जाऊन बसावं लागतं. आमच्या घरच्यांनी तेवढीही गोष्ट अण्णांच्या वतीनं उरकून टाकली होती. मामानं ते मायेपोटीच केलं. आम्ही सगळे मायेपोटीच त्यांना रोज, त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होतो.

सरांनी एवढंच विचारलं, “मग काय करावं म्हणता?”

“जायचं.”

“कोण कोण?”

“मी अन् पोरगी. तुमी या, पर भायेर बसा.”

आम्ही गेलो. पत्र्याचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. पोराची म्हातारी आई दारात बसली होती. अण्णांनी चपला काढल्या आणि म्हणाले, “मी डायवर.” त्या बाईनं बघितलं, सरकून जागा केली. सर अंगणाच्या कडेला दगडावर बसले. मी आत वाकून बघितलं तर भिंतीवर दोन फोटो. एक त्या पोराचा, हार सुकलेला. दुसरा दुकानात आलेल्या त्या फेटेवाल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा. तो हार ताजा होता.

म्हातारी म्हणाली, “आता आलाव व्हय? त्ये गेले की. परवाच तेरावा झाला.” मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “तुमची लई वाट बघितली त्यांनी. तुमी तिकडं जाताव असं कळलं म्हणून आंबाजोगाईला सायकलवाल्याकडंबी जाऊन आलते. डायवरला धाडून द्या म्हणले. भांडायचं न्हाई म्हणले, पोरगं शेवटाला काय बोललं, येवढंच इचारायचंय.”

अण्णांनी निरोप सांगितला. बापासाठीचा निरोप आईला सांगितला. म्हातारीनं फोटोकडं तोंड केलं आणि जरा मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, “ऐकलं का, गाडीला काय झालं न्हाई म्हणतंय.” मग ती रडली आणि अण्णाही रडले. तिथं कूलर नव्हता.

बाहेर आल्यावर अण्णा सरांसमोर उभे राहिले. अगदी समोरासमोर.

“तुमाला ठावं होतं?”

“होतं.”

“मग कावून न्हाई सांगितलं?”

कधी कुणाला उत्तर न देणाऱ्या त्या माणसानं उत्तर दिलं. “सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्या सांगण्यावरून आला असता. आजवर सगळं दुसऱ्यांच्याच सांगण्यावरून झालं होतं तुमचं. हे तरी तुमचं असावं, असं वाटलं.”

अण्णा म्हणाले, “खरं हाय. पर म्हातारा असता.”

बसमध्ये सर खिडकीशी बसले होते, हातात शेंगा नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेले तर दार उघडंच होतं. आत कूलर चालू. कडाक्याची थंडी, आणि सरांबरोबर आत कुणी नव्हतं. मी बाहेर उभी राहिले. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, हा त्यांचाच नियम. ते बोलावतील म्हणून मी बराच वेळ थांबले. त्यांनी बोलावलं नाही. कूलर बंद झाला, ते बाहेर आले. मला वाटलं, व्हॉल्व्ह बदलला म्हणतील. तेही म्हणाले नाहीत. “चहा सांग,” म्हणाले.

इतक्या लोकांना त्यांनी, मंडळी बाहेर बसली तर चालेल का, असं विचारलं. त्यांना असं विचारणारं कुणी होतं का, हे मला माहीत नाही, आणि आता कळायची सोयही नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी गाळा माझ्या हवाली केला, तू शीक आणि हे चालव म्हणाले, आणि आपल्या भावाकडं केजला राहायला गेले. अण्णा त्यांना भेटायला जायचे. दोघं अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडायचे, असं अण्णा सांगतात. त्या गोष्टीचा विषय पुन्हा निघाला नाही. अण्णांनी राग धरला नव्हता. सरांनी मात्र तो स्वतःवर धरलाच होता, असं मला वाटतं.

मागच्या वर्षी सर गेले. अंत्यविधीला त्यांच्या भावाच्या दारात माणसं मावेनात. शिक्षक, ट्रॅक्टरवाले, हवालदार, ते स्कॉर्पिओवाले पुढारी. सगळे बापे. सरांचे भाऊ प्रत्येकाला विचारत होते, तुमची कशी ओळख? जो तो खाली बघून म्हणायचा, “सायकल नीट करून घ्यायचो.” भाऊ शेवटी माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, “ताई, त्याला तर सायकलचं काहीच येत नव्हतं हो.”

आता तिथं मी बसते. एमएसडब्ल्यू केलं, रीतसर शिकले. पाटी तीच आहे, खुर्च्या तशाच शेजारी-शेजारी. सल्ला मीही देत नाही. माणसानं आपल्या तोंडानं, आपल्या शब्दात बोलावं, ही त्यांची गोष्ट मी सोडलेली नाही, सोडणार नाही. फक्त एक बदललंय. बाहेरून कुणाचा निरोप आला, तर मी तो धरून ठेवत नाही. आत बसलेल्याला विचारते, “तुमच्यासाठी एक निरोप आलाय. ऐकायचा का?” कुणी हो म्हणतं, कुणी नको म्हणतं. ज्याचं त्यानं ठरवायचं. सरांनाही एवढं विचारता आलं असतं. विचारण्यातच तर त्यांची हयात गेली होती. त्यांना ते का सुचलं नसेल, याचा विचार मी टरफलं झाडताना अजून करते.

हे सगळं अण्णांना विचारून लिहिलं आहे. ते म्हणाले, “लिही. पर सरांचं चुकलं असं लिहू नको.” मी म्हणाले, जसं झालं तसं लिहिते.

अण्णा पुन्हा गाडी चालवायला लागले नाहीत. जीप विकून टाकली, शेळ्या घेतल्या. आई आता दुसऱ्याच्या रानात जात नाही. सणावाराला अण्णा त्या घरी जातात, पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात, सरपण फोडून देतात, म्हातारीजवळ बसतात. ती त्यांना लांबून ‘डायवर’ म्हणून हाक मारते, आणि अण्णा ओ देतात.